शिसवी आकडा

एकशे चाळिसावी चपाती तव्यावर टाकून रतनबाईनं मानेवरचा घाम पुसायला हात मागं नेला, आणि बोट अडकलं. केसात बोट अडकणं ही काही कोणाला सांगावी अशी गोष्ट नव्हे. दिवसातून दहादा अडकतं, ओढलं की सुटतं. हे सुटलं नाही. बोटाला सुपारीएवढं काहीतरी लागलं, घोंगडीच्या तुकड्यासारखं दाबून बसलेलं, आणि ओढल्यावर केस ताणायच्या ऐवजी मानेची कातडीच उचलली गेली. तिनं हात पुढं घेतला, पदराला पुसला, आणि त्या बोटाकडं असं पाहिलं की जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे आणि चुकून आपल्या हाताला लागलंय. तेवढ्यात चपाती करपली. सावेडीतल्या या मुलींच्या होस्टेलवर चार वर्षं ती रोज सकाळी दोनशे चपात्या लाटत आणि भाजत होती, आणि तिची करपलेली चपाती पाहिल्याचं तिथं कोणाला आठवत नव्हतं. म्हणून शेजारी बटाट्याची भाजी हलवणाऱ्या पूजानं झारा तसाच धरून तिच्याकडं पाहिलं.

"मावशी, ताप गेला नाही का अजून?"

"गेला."

"मग?"

"तवा तापलाय," रतनबाई म्हणाली आणि गॅस बारीक केला. तवा काही जास्त तापला नव्हता. हे पूजालाही दिसत होतं, पण पूजा हुशार पोरगी. दिसलेलं सगळंच बोलायचं नसतं हे तिला होस्टेलच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

उरलेल्या साठ चपात्या हातांनी आपल्या आपण केल्या. रतनबाई तिथं नव्हती. ती तिसगावच्या घरात, अठरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, वाकळेवर पडलेली होती. विषमज्वर एकवीस दिवस मुक्कामाला होता. अठ्ठावीस वर्षांची बाई, कुशीत वर्षाची संस्कृती, आणि एकवीस दिवस डोक्याला ना तेल ना फणी. उशीवर डोकं इकडून तिकडं, इकडून तिकडं. बाविसाव्या दिवशी न्हाऊ घालायला सासू बसली, म्हणजे आत्याबाई, आणि त्यांच्या बोटांना मानेपाशी ही अशीच सुपारी लागली. आता कोनाड्यात दोन डब्या शेजारी शेजारी होत्या, एक तेलाची आणि एक हळदकुंकवाची. आत्याबाईंनी हळदकुंकवाची उघडली. झालं ते एवढंच. एका सासूनं चुकीची डबी उघडली आणि एका सुनेची अकरा वर्षं गेली. कारण त्या गावात एकदा का गुंत्याला हळद लागली की तो गुंता राहत नाही, ती देवीची जट होते. आणि जटेला फणी लावायची छाती कोणाची?

सुपारीचा लिंबू झाला, लिंबाची मोळी झाली, तिसऱ्या वर्षी जट कमरेला लागली. आणि खोटं कशाला बोला, त्या अकरा वर्षांत रतनबाईला कोणी 'ए' म्हणून हाक मारली नाही. नवऱ्याचा, मच्छिंद्राचा, हात लग्नानंतर दोनदा उठला होता, तो नंतर कधी उठला नाही. दारू पिऊन आलाच तर उंबऱ्यापाशी थबकायचा, चपला हातात घ्यायचा. ऊसतोडीला जाणं सुटलं. ताट आधी वाढलं जाऊ लागलं. शुक्रवारी बाया पायावर डोकं ठेवायला यायच्या आणि रतनबाई भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि शेजारी आत्याबाई. कोणी आधी पुढं यायचं, कोणी मागं थांबायचं, कोणाची ओटी देवीला चालेल आणि कोणाची नाही, हे सगळं आत्याबाई ठरवायच्या. सरपंचाच्या बायकोला एकदा त्यांनी दीड तास उन्हात बसवून ठेवलं. नवऱ्याच्या राज्यात ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांना सुनेच्या डोक्यानं खुर्ची दिली होती. रतनबाईला हे त्या वेळीही दिसत होतं. राग येत नव्हता. दोघींचंही बरं चाललं होतं. फक्त पाठीवर झोपता येत नव्हतं. पावसाळ्यात जट चार चार दिवस वाळायची नाही आणि ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा, तो लोक उदाचा समजून हुंगायचे. डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. आणि संक्रांतीला संस्कृती माळवदावरून ओरडायची, "आई, बघ ना, माझा पतंग!" तेव्हा मान वर होत नव्हती. ती जमिनीकडं बघूनच म्हणायची, "दिसला गं, लई वर गेला." पोरगी सात वर्षांची झाली तेव्हा एकदा खाली उतरून आली आणि म्हणाली, "आई, तो मघाच कटला." तेवढंच म्हणाली. पण रतनबाईला वाटतं, जट खरी कापली गेली ती त्या दिवशी. रेश्मा सिस्टरची कात्री त्यानंतर पाच वर्षांनी आली.

रेश्मा सिस्टर लसीकरणाला वस्तीवर यायची. सहा महिने ती नुसती बोलत राहिली, घाई केली नाही. शेवटी एका दुपारी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत एक तास कात्री चालली आणि सिस्टरनं ते काळं-राखाडी जनावर उचलून बाळं तोलायच्या काट्यात ठेवलं. पावणेदोन किलो. संस्कृती जन्मली तेव्हा दोन किलो शंभर भरली होती. रतनबाई त्या काट्याकडं बघत राहिली. मग मान वर करून छताकडं बघत राहिली. छतावर पाल होती. अकरा वर्षांत पाहिलेली पहिली वरची गोष्ट. तिला ती पाल फार देखणी वाटली.

त्यानंतरचं सगळं आत्याबाईंच्या तोंडपाठ खात्यावर जमा होत गेलं. शेळी मेली, ती जट कापल्यामुळं. धाकट्या दिराचं, ज्ञानेश्वराचं, ठरलेलं लग्न मोडलं, जटेमुळं. बोअरला पाणी लागलं नाही, मच्छिंद्राच्या टेम्पोची क्लचप्लेट गेली, शेजारच्या कानिफनाथाला मूळव्याध झाली, जट, जट, जट. कानिफनाथाची मूळव्याध आपल्या नावावर कशी, असं रतनबाईनं एकदा विचारलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "त्यो तुझ्या पाया पडायला आल्ता एकदा." यानंतर ती, मच्छिंद्र आणि संस्कृती नगरला आले. तसं आता गावाचं नाव अहिल्यानगर झालंय, पण गाडीवाले अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात आणि रतनबाईही नगरच म्हणते. एका जन्मात माणसानं किती गोष्टींची सवय मोडायची?

नऊ वाजता फोन वाजला. मच्छिंद्र होता.

"अगं, आईला तुझ्या तापाचं कळलं. पाथर्डी गाडीनं निघालीय. बाराला माळीवाडा स्टँडवर उतरंल. मी एमआयडीसीत हाय, तू घे उतरून."

"कोणी सांगितलं तापाचं?"

"मीच बोललो. पाच दिवस ताप हुता म्हनलं, तर इचारती, केस इचरले हुते का तिनं."

रतनबाईनं परातीवर फडकं टाकलं.

"आलो आलो," मच्छिंद्र तिकडं दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला आणि फोन ठेवला.

तर असं होतं. बाराला आत्याबाई उतरणार. त्यांच्या पिशवीत हळदकुंकवाचा करंडा असणार, तो कधी नसत नाही. आणि उतरल्या उतरल्या त्या मानेवर हात फिरवणार. आता गुंता कशानं झाला हे रतनबाईला चांगलं ठाऊक होतं. सात वर्षांत केस पुन्हा कमरेला आले होते आणि रेश्मा सिस्टरनं सांगितलं होतं तसं ती त्यांना ना रबर लावायची ना आवळून वेणी घालायची. सैल पीळ, त्याचा बुचडा, आणि बुचड्याला दोन दातांचा आकडा. पंधरा दिवसांपूर्वी संस्कृती मोबाईल बघत बघत त्या आकड्यावर बसली. आकडा मोडला. तेव्हापासून कोथिंबिरीच्या जुडीचं रबर. त्यात पाच दिवसांचा ताप, घाम, उशी. सगळं सरळ आहे, पोरीनं शाळेत मांडलेल्या गणितासारखं. तरी रिक्षात बसल्यावर तिचा हात चोरासारखा मागं गेला, सुपारीला लागला आणि मागं आला. कारण माहीत असलं म्हणजे भीती जाते, असं ज्यांना वाटतं त्यांना भीती कधी घरी भेटलेली नसते. आणि भीतीच असती तर एक वेळ ठीक. त्या सुपारीला बोट लागलं तेव्हा तिच्या आत कुठंतरी, कंबरेत, पिंढऱ्यांत, एक सुस्कारा सुटला होता. उद्या दोनशे चपात्या नाहीत. ताट आधी. पाय चेपायला दोन सुना शेजारच्या. तो सुस्कारा तिनं ऐकला होता, आणि रिक्षात तिला लाज वाटली ती त्याची.

कापड बाजाराच्या मागच्या बोळात 'अलीम बांगडी व कटलरी' अशी पाटी आहे. पाटीवर अलीम असले तरी गल्ल्याच्या बाजूला गौहर आपा बसतात आणि अलीमभाई बाहेरच्या बाकावर पेपर वाचतात. कोणी भाव विचारला तर पेपर खाली न करता आत बोट दाखवतात. गौहर आपांच्या सासऱ्यांचा फण्या कोरायचा धंदा होता. प्लॅस्टिक आलं, धंदा गेला, पण लाकडाची पारख सुनेच्या बोटांत राहिली. तीस वर्षं त्या बायकांना केसांच्या वस्तू विकतायत आणि बाजारात एकाही माणसानं त्यांचा एकही केस पाहिलेला नाही, ओढणी कपाळापर्यंत. कोणी थट्टा केली तर म्हणतात, "हलवाई काय दुकानात बसून मिठाई खातो का?"

रतनबाईनं पाठ वळवली, रबर दाखवलं, आणि रबराच्या खालचं दाखवलं.

"या अल्ला. हे काय, भाजीचं रबर?" गौहर आपा ओरडल्या. "माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक ना तू? बाहेर कोणाला सांगू नको."

"आपा, बाराला सासू येतीय."

गौहर आपांना जटेची सगळी कथा ठाऊक होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, कात्री काढली, रबर कापून काढलं, ते दोन बोटांत उंदीर धरावा तसं धरून बाहेर टाकलं, आणि म्हणाल्या, "गाठीला पण एक टिचकी मारते. सुपारीएवढीच आहे. कोणाला कळणार पण नाही."

"नको."

"का गं?"

रतनबाईनं कात्रीकडं पाहिलं. कात्री तिनं एकदा पाहिली होती. कात्री चांगली, तिच्यावर राग नाही. पण कापायची ती जट. गुंता विंचरायचा असतो. आज हे कापलं तर अठरा वर्षांपूर्वी आत्याबाईंनी उघडलेली डबी बरोबर ठरते. मग पुढच्या प्रत्येक तापानंतर कात्री आणि करंडा यांची शर्यत, आणि रतनबाई मधे मान खाली घालून बसलेली. "कापलं म्हणजे मी तिला जट मानलं," ती शेवटी म्हणाली. "मला तिला मानायचंच न्हाई."

गौहर आपांनी कात्री खणात टाकली. "मग बस. आणि आधी आकडा घे. त्यानंच सोडवू."

आकडा निवडायची गौहर आपांची रीत सगळ्या बाजारात एकट्यांचीच. काउंटरवर एक जुनी शिफॉनची ओढणी कायम अंथरलेली असते. प्रत्येक आकड्याचे दोन्ही दात तिच्यावरून हलक्या हातानं ओढायचे. कापडाचा एक धागा जरी उचलला गेला तरी तो आकडा केस तोडणार, आणि तुटका केस म्हणजे पहिला गुंता. रतनबाईनं फायबरचा ओढला. धागा उचलला. "साच्याची शिवण असते त्याला," आपा म्हणाल्या, "पोरींना रंग दिसतो, शिवण दिसत नाही." स्टीलचा ओढला, सरसर गेला, पण बुचड्यात घालून मान हलवली तर तोही सरसर खाली आला. मग लाकडी. एकावर मोर कोरला होता. मोराच्या तुऱ्यात ओढणी अशी अडकली की सोडवायला दोघी लागल्या. "हा लग्नात घालायला," आपा म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्याला पहिल्या दिवशी काम." शेवटी रतनबाईच्या हाताला एक शिसवी आकडा लागला. काळपट, वीतभर लांब, दोन जाड दात, माथ्याला काही नाही, नुसती कमान. ओढणीवरून पाण्यासारखा गेला. गालावरून फिरवला, ओठावरून फिरवला, कुठं टोचलं नाही.

"लांब होईल तुला," आपा म्हणाल्या. "चार बोटं बुचडा, त्यावर एक बोट, बस. हा दोन्हीकडून बाहेर येईल. दातांची टोकं दिसतील."

"दिसू द्या."

"सासूला?"

"तिलाच."

आपांनी तिच्याकडं जरा नीट पाहिलं, मग तेलाची बाटली काढली. स्टुलावर बसवून त्यांनी केस पुढं घेतले आणि टोकापासून सुरुवात केली. गुंता वरून नाही, खालून सोडवायचा. आकड्याचा एक दात सुपारीत घालायचा, तीन-चार केस उचलायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घालायचा. रतनबाई समोरच्या आरशात बघत होती. आरशात तिची मान होती आणि मानेपाशी परक्या बाईची दोन बोटं. अठरा वर्षांपूर्वी अशी दोन बोटं मिळाली असती तर? अर्धा तास लागला असता. अकरा वर्षं आणि अर्धा तास. ती दोन मापं तिनं मनात शेजारी शेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत बसली. मधेच दोन बायका बांगड्या भरायला आल्या आणि गेल्या. अलीमभाईंनी पेपरचं पान उलटलं. साडेअकराला सुपारीचा हरभरा झाला होता. हरभरा हटेना.

"जायला पायजे," रतनबाई उठली.

"राहिलंय ना गं थोडं!"

"ऱ्हाऊ द्या. वाटंल तवा काढीन."

बुचडा तिनं स्वतः घातला. पीळ सैल, दोन वेढे. आकड्याची टोकं बुचड्याच्या कडेचे थोडे केस उचलून बाहेरच्या बाजूला धरायची, मग आकडा उलटा करायचा आणि टाळूला घासत आत सारायचा; नीट बसला की डोक्याला कोणी धरल्यासारखं वाटतं, ओढल्यासारखं नाही. धरणं आणि ओढणं यांतला फरक ज्या डोक्याला माहीत आहे, त्याला तो पहिल्याच क्षणी कळतो.

स्टँडवर पाथर्डी गाडी दहा मिनिटं उशिरा लागली. आत्याबाई उतरल्या. पंच्याहत्तरीची बाई, लहानशी, नऊवारीत अजूनच लहान, पण पायरी उतरताना कंडक्टरनं धरलेला हात झटकून टाकणारी. त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. वळसा घालून मागं गेल्या.

"ह्यो काय खिळा ठोकलाय?"

"आकडा हाय, आत्याबाई. बसा, चहा घ्या आधी."

त्या बाकावर बसल्या, पण रतनबाईला खाली पायरीवर बसवून. बाकावर आणखी दोघी-तिघी बाया होत्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. आत्याबाईंची बोटं बुचड्याखाली गेली. थंड, खरखरीत, ओळखीची बोटं. ती इकडं गेली, तिकडं गेली, आणि थांबली. हरभऱ्यावर. रतनबाईला मागं न बघता कळलं की म्हातारीचा श्वास बदलला.

"आली," आत्याबाई हळूच म्हणाल्या. आवाजात दरारा नव्हता. त्यात असं काहीतरी होतं, जणू हरवलेली शेळी संध्याकाळी दारात येऊन उभी राहावी. "रतने, आली गं ती. सात वर्सं म्या रोज बोलवलं तिला." पिशवीची चेन वाजली. करंड्याचं झाकण उघडल्याचा आवाज रतनबाईला कुठंही ओळखू आला असता. शेजारची बाई सरकून बसली. तिनं हात जोडले की काय कोण जाणे. आणि तो मघाचा सुस्कारा पुन्हा वर आला, कमरेतून, पिंढऱ्यांतून. बस नुसती. काहीच करायचं नाही. मान खाली घातली की झालं. मान खाली घालायची सवय मानेला आहेच. ती आपोआप निम्मी झुकलीही. समोर स्टँडची फरशी होती, तिच्यावर फुटक्या शेंगेची टरफलं, कोणाच्या तरी चपलेचा तुटका अंगठा. अकरा वर्षं हेच. फरशी, टरफलं, लोकांच्या चपला.

तिनं हात मागं नेला आणि आकडा उपसला. केस आत्याबाईंच्या मांडीवर पडले, करंड्यात पडले. रतनबाईनं ते सगळे गोळा करून खांद्यावरून पुढं घेतले, हरभरा चिमटीत धरला आणि त्यात आकड्याचा दात घातला.

"आगं! आगं, काय करतीस!"

"इचरतीय."

"देवीची हाय ती! हात लावू नगं!"

"देवीची असली तर सुटायची न्हाई. बघा की. तुमी बी बघा," ती बाकावरच्या बायांना म्हणाली. "अर्धी तर सकाळीच सुटली. बांगडीवाल्या आपांनी सोडवली. देवीला तिचा हात चालला."

एक बाई फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. आत्याबाईंची हळदीची चिमूट हवेतच राहिली.

"माझ्या पोराच्या घरावर काय आलं म्हंजी?"

"ते माझं बी घर हाय. काय यायचं ते माझ्या नावावर लिवा. कानिफनाथाच्या मूळव्याधीखाली."

तीन केस. चार केस. एक तुटला, तो टोचला. दोन केस. मग एकदम, काही न सांगता, गाठ सैल झाली आणि आकडा मुळापासून टोकापर्यंत एकाच ओढीत खाली उतरला. चिमटीत केसांचा एक भुरका फुलोरा राहिला. वजन काहीच नव्हतं. फुंकला असता तर पाथर्डी गाडीखाली गेला असता.

आत्याबाईंनी हात पुढं केला. "मला दे त्यो. देव्हाऱ्यात ठिवते."

म्हातारीचा हात हळदीनं पिवळा झाला होता आणि रिकामा होता. रतनबाईला क्षणभर वाटलं, द्यावा. तिचं काय जाणार होतं? पण देव्हाऱ्यात गेलेली गोष्ट किती वाढते हे तिनं पाठीवर वाहून पाहिलं होतं. तिनं पर्समधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. सात महिन्यांचे विंचरलेले केस होते तिच्यात. फुलोरा तिनं त्यात कोंबला आणि पिशवीला गाठ मारली.

"शनवारी केसावर भांडी देनारी येती आमच्या गल्लीत. चहाची गाळणी घ्यायचीय. मागच्या खेपेला म्हनली हुती, जरासं कमी पडतंय."

आत्याबाई पिशवीकडं बघत राहिल्या. मग सुनेकडं. करंड्याचं झाकण त्यांनी दोनदा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा लागलं.

रतनबाई उठली. भर स्टँडवर, सगळ्यांसमोर, तिनं पीळ घातला, दोन वेढे घेतले, आकडा उलटा केला आणि टाळूला घासत आत सारला. दोन्ही दातांची टोकं बुचड्याबाहेर आली. सासूची पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

"चला, आत्याबाई. ऊन वाढतंय."

रिक्षापर्यंत ती मुद्दाम दोन पावलं पुढं चालली. मागून येणाऱ्याला बघायला त्या आकड्याशिवाय दुसरं काही राहू नये म्हणून.